‘घाट बंद, धंदा बंद’: डोक्यात बसलेल्या एका वाक्याची किंमत



या आठवड्याच्या व्हिडिओत मी तुम्हाला एक प्रश्न विचारला होता. तुमच्या धंद्याबद्दल तुम्ही स्वतःशी रोज कोणतं वाक्य बोलता? व्हिडिओत वेळ कमी पडला, उदाहरणं राहून गेली. म्हणून आज इथे सविस्तर लिहितोय. वही-पेन जवळ ठेवा, शेवटी गृहपाठ आहे आणि तो केल्याशिवाय हा लेख वाचून काही उपयोग नाही.

आधी माझं वाक्य सांगतो.

वरंधला आमचं किराणा आणि जनरल दुकान आहे. महाडहून भोरकडे जाणारा रस्ता आमच्या गावावरून पुढे घाटात चढतो. पावसाळ्यात घाटात दरडी येतात. मग प्रशासन घाट बंद करतं, कधी फक्त अवजड गाड्यांना, कधी सगळ्याच गाड्यांना. घाट बंद झाला की पुण्याकडची ये-जा थांबते आणि पाण्याच्या बाटल्या, बिस्किटं, वेफर्स यांचा खप खाली येतो. माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, दरवर्षी जूनमध्ये एकच वाक्य बोलायचे: “घाट बंद, धंदा बंद.”

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो. पुढे बीबीए केलं. मागणीचा अंदाज कसा काढायचा, स्टॉक कसा ठेवायचा, हे सगळं परीक्षेत लिहून आलो. आणि दुकानाची गादी हातात घेतली त्या पहिल्याच जूनमध्ये माझ्या तोंडून काय निघालं? “घाट बंद, धंदा बंद.” मी ते कधी तपासलं नव्हतं. तपासायचं असतं हेच डोक्यात आलं नाही, कारण ते मला मत वाटतच नव्हतं. पाऊस पडतो तसंच हेही, असं वाटायचं.

आता बघा, त्या एका वाक्यामुळे मी काय काय करायचो. आगोटीची गर्दी संपली की माल भरणं जवळजवळ थांबवायचो, कारण ‘विकणार कुणाला?’ दुकान संध्याकाळी लवकर बंद करायचो, कारण ‘येणार कोण?’ जून ते ऑगस्टचा हिशेब नीट लिहायचो नाही, कारण ‘लिहायला आहे काय?’

असे चार पावसाळे गेले. चौथ्या वर्षी मी पनवेलला एका नोकरीसाठी मुलाखत देऊन आलो. दुकान भाड्याने द्यायचं, असं घरात बोलणं झालं. अण्णा काहीच बोलले नाहीत. फक्त पुढचे दोन दिवस ते दुकानात आले नाहीत.

त्याच आठवड्यात, भाताच्या लावणीचे दिवस चालू असताना, वरच्या वाडीतली एक आजी भिजत दुकानात आली.

“प्लास्टिकचा कागद हाय का रे बाळा?”

“नाही आजी, संपला.”

“बरं, बॅटरीचे सेल तरी दे.”

“सेल परवा येतील.”

आजी पायरीवर बसली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, “तुझ्याकडं पावसाचं काय मिळतच नाय. आमी सगळी बिरवाडीलाच जातो. आज पाय दुखतायत म्हणून म्हटलं बघावं.”

ती सहज बोलली, तिच्या मनात राग वगैरे काही नव्हता. पण मी त्या रात्री झोपलो नाही. पावसाळ्यात गिऱ्हाईक नसतं असं मी धरून चाललो होतो. गिऱ्हाईक होतं. ते माझ्या दारावरून एसटीत बसून बिरवाडीला जात होतं.

नाही-वही

दुसऱ्या दिवशी मी एक जुनी वही घेतली आणि वर लिहिलं ‘नाही’. गिऱ्हाईकाने मागितलं आणि माझ्याकडे नव्हतं, की लगेच टिपायचं: वस्तू कोणती, माणूस कुठला. एवढंच. पंधरा दिवसांत ४३ नोंदी झाल्या. त्यातल्या ६ वाटसरूंच्या होत्या. बाकीच्या ३७ आमच्याच गावातल्या आणि आजूबाजूच्या वाड्यांतल्या माणसांच्या.

काय मागत होते? प्लास्टिकचा कागद, सुतळी, नायलॉनची दोरी, सेल, मेणबत्त्या, पत्र्याला लावायचे खिळे आणि वॉशर, गमबूट, लहान मुलांच्या छत्र्या, मच्छर अगरबत्ती, सर्दीचा बाम. लावणीला माणसं असतात त्या घरांना चहा पावडरचा मोठा पुडा आणि फरसाण हवं होतं. सुकट आणि बोंबील तर रोज कुणीतरी विचारत होतं. यातल्या एकाही वस्तूचा घाटाशी काही संबंध नव्हता.

आता ही गोष्ट क्रमाने लिहून बघा:

१. मी मनात धरलं, पावसाळ्यात धंदा नसतो.
२. म्हणून मी माल भरला नाही.
३. माल नाही म्हणून गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं.
४. गिऱ्हाईक गेलं म्हणून गल्ला रिकामा राहिला.
५. गल्ला बघून मी म्हणालो, बघा, मी म्हणतच होतो!

पाचवी पायरी परत पहिलीला जाऊन मिळते. दरवर्षी एक फेरा पूर्ण व्हायचा आणि दरवर्षी वाक्य आणखी पक्कं व्हायचं. आमच्या घरात हा फेरा किती वर्षं फिरत होता, देव जाणे.

यालाच मी सवयीचा विचार म्हणतो. आपण तो करत नाही, तो आपोआप होतो. आणि तो खोटा आहे हे कळत नाही, कारण त्याच्या बाजूचा पुरावा आपण स्वतःच रोज तयार करत असतो.

बँकेची गोष्ट

रॉबर्ट मर्टन नावाचे अमेरिकेतले एक समाजशास्त्रज्ञ होते. १९४८ मध्ये त्यांनी एका लेखात हाच फेरा बँकेच्या उदाहरणाने समजावला होता. एक बँक आहे, व्यवहार चांगला चाललाय, पैसा सुरक्षित आहे. एक दिवस अफवा उठते की बँक बुडणार. लोक धावतात, ठेवी काढायला रांग लावतात. कोणत्याही बँकेकडे सगळ्यांचे पैसे एकाच दिवशी रोख नसतात, ते कर्जात गुंतलेले असतात. संध्याकाळपर्यंत बँक खरंच बुडते. आणि रांगेत उभी असलेली माणसं म्हणतात, बघा, खरं होतं ना!

सुरुवातीला खोटी असलेली समजूत माणसांना अशी वागायला लावते की शेवटी ती खरी होते. मर्टन यांनी याला जे नाव दिलं त्याचा साधा अर्थ होतो, स्वतःला खरं करून दाखवणारं भाकीत. माझं दुकान ही तीच बँक होती. फरक एवढाच की अफवा बाहेरून आली नव्हती, ती घरातूनच आली होती आणि रांगेत मी एकटाच उभा होतो.

करंटा कुणाला म्हणायचं?

आता अमेरिकेहून परत आपल्या गावात येऊ. आमच्या वरंधजवळच शिवथरघळ आहे. समर्थ रामदासांनी दासबोध इथे सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, असं परंपरा मानते. ही घळ १९३० मध्ये धुळ्याचे समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देव यांनी शोधून काढली. पावसाळ्यात लोक धबधबा बघायला येतात, फोटो काढतात, जातात. मीसुद्धा शाळेच्या सहलीत तेच केलं. दासबोध हा धंदा करणाऱ्या माणसाने वाचावा असा ग्रंथ आहे, हे मला फार उशिरा कळलं.

त्यात २० दशक आणि २०० समास आहेत. एकोणिसाव्या दशकाचं नावच ‘शिकवण’ आहे. त्यातला तिसरा समास करंटलक्षणांचा आणि चौथा सदेवलक्षणांचा. करंटा म्हणजे दैवाने मारलेला आणि सदेव म्हणजे ज्याला दैव साथ देतं तो, असं आपण धरतो. मला वाटलं होतं, पत्रिका, ग्रह, मागचा जन्म असं काहीतरी असेल. उघडून बघितलं तर समर्थांनी करंट्याची यादी दिलीय ती सवयींची! आळस आवडणं, प्रयत्न नको वाटणं, सौदा करता न येणं, हिशेब न ठेवणं, वस्तू हरवणं, सांडणं, विसरणं, चांगल्या माणसांची संगत टाळणं. ‘हिशेब न ठेवणं’ वाचलं तेव्हा मला माझी जून ते ऑगस्टची कोरी पानं आठवली.

समर्थ म्हणतात की ही लक्षणं ऐकून, विवेकाने सोडून द्यायची, म्हणजे सदेवलक्षणं अंगी येतात. मला यातून काय कळलं ते सांगतो. ‘मी करंटा आहे’ हे वाक्य घेऊन काहीच करता येत नाही. ‘मी तीन महिने हिशेब लिहीत नाही’ हे वाक्य घेऊन उद्या सकाळी काम सुरू करता येतं. नशिबाला दोष देण्यात सोय असते, कारण नशीब बदलायची जबाबदारी आपल्यावर येत नाही. यादी हातात आली की जबाबदारी येते. त्याच दशकातला सातवा समास यत्नावर आहे, हेही लक्षात ठेवा.

तीन शब्द पकडा

सवयीचं वाक्य ओळखायचं कसं? त्यासाठी मार्टिन सेलिगमन या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांचं काम मला उपयोगी पडलं. वाईट काही घडलं की माणूस त्याचं कारण स्वतःला कसं सांगतो, याचा त्यांनी अनेक वर्षं अभ्यास केला. १९८० च्या दशकात त्यांनी आयुर्विमा विकणाऱ्या एजंटांवरही हे तपासलं. या धंद्यात दिवसभर ‘नको’ ऐकावं लागतं. ज्यांची कारण सांगायची पद्धत आशावादी होती, त्यांनी जास्त विमे विकले आणि ते काम सोडून जाण्याचं प्रमाणही त्यांच्यात कमी होतं.

सेलिगमन यांच्या मांडणीचा सार मी आपल्या भाषेत तीन शब्दांत सांगतो. तुमच्या वाक्यात हे शब्द आले की थांबायचं.

पहिला शब्द ‘नेहमी’, किंवा त्याचा भाऊ ‘कधीच’. “इथे नवीन वस्तू कधीच खपत नाही.” विचारा, कोणती वस्तू? कोणत्या महिन्यात? किती दिवस ठेवली होती? दर्शनी भागात होती की बरणीच्या मागे?

दुसरा शब्द ‘सगळे’. “सगळे उधारीच मागतात.” वहीत नावं मोजा. उधारीवाली माणसं दहा-बारा निघतील, पण ती डोक्यात एवढी जागा अडवतात की रोख देणारे दिसतच नाहीत.

तिसरा शब्द ‘माझ्यातच’. “माझ्यातच धंद्याचं रक्त नाही.” आपल्याकडे याची मोठी आवृत्तीही आहे, ‘मराठी माणसाला धंदा जमत नाही.’

या मोठ्या आवृत्तीला उत्तर म्हणून लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट बघा. १८८८ मध्ये त्यांनी बेळगावात सायकलचं छोटं दुकान काढलं. पुढे लोखंडी नांगर बनवला. शेतकरी घेईनात. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी तेव्हा समजूत होती. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली, असं सांगतात. दोन वर्षं! आपल्यापैकी कितीजण दोन महिन्यांत ‘इथे कधीच खपणार नाही’ म्हणून मोकळे झाले असते? लोक नांगराला नको म्हणत होते ते एका भीतीपोटी, आणि भीती जाऊ शकते. १९१० मध्ये औंध संस्थानात, कुंडल रोड स्टेशनजवळच्या ओसाड माळावर त्यांचा कारखाना उभा राहिला. आज आपण त्या जागेला किर्लोस्करवाडी म्हणतो.

‘नको’ ऐकल्यावर ‘का नको?’ विचारायचं, ही सवय आहे. ती लावून घेता येते.

उलटी बाजू: ‘काही होत नाही’

आता कुणी म्हणेल, म्हणजे चांगला विचार करा, सगळं चांगलं होईल. थांबा. मी असं म्हणत नाहीये. गोड विचाराचीही सवय लागते आणि ती तितकीच महाग पडते.

महाडच्या बाजारपेठेला पूर नवा नाही. सावित्री आणि गांधारी दोन्ही नद्या शहराला लागून आहेत. जुलै २००५ चा पूर सगळ्यांच्या लक्षात होता. कित्येक दुकानांत भिंतीवर त्या पाण्याची खूण होती. ‘पाणी आलं तरी इथपर्यंतच येतं’ असं वाक्य त्यातून तयार झालं. माल त्या खुणेच्या वर ठेवला की माणूस निर्धास्त. मग २२ जुलै २०२१ ला पाणी आलं आणि अनेक दुकानांत ते जुन्या खुणेच्या वर गेलं. वर ठेवलेला मालही गेला. त्याच दिवशी आपल्याच तालुक्यात तळियेवर दरड कोसळली. त्या दिवसाबद्दल मी इथे धड्यासारखं काही लिहिणार नाही, लिहिताही येणार नाही.

बाजारपेठेपुरतं एवढंच सांगतो. २००५ ची खूण हा एका वर्षाचा अनुभव होता. आपण तिला नियम करून टाकलं. माझं ‘धंदा बंद’ आणि बाजारपेठेतलं ‘इथपर्यंतच येतं’ ही दोन्ही एकाच जातीची वाक्यं आहेत. एक निराश आहे, दुसरं निर्धास्त आहे, आणि दोन्ही न तपासलेली आहेत. तुमचं दुकान पुराच्या पट्ट्यात असेल तर ‘काही होत नाही’ म्हणण्याआधी विम्याचा कागद काढा आणि त्यात पुराचं नुकसान धरलंय का ते आजच वाचा.

सगळं डोक्यात नसतं

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ‘विचार बदला, आयुष्य बदलेल’ असं सांगून टाळ्या घेणारे खूप आहेत. पण घाट खरंच बंद असतो. भांडवल खरंच कमी असतं. काही अडथळे तुमच्या डोक्यात नसतात, ते दुसऱ्यांच्या डोक्यात असतात.

महाडमध्ये राहून हे विसरता येत नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ मध्ये झाला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं खुलं करण्याचा ठराव केला. कागदावर तळं उघडलं, पाणी मात्र बंदच राहिलं. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले, आणि त्यानंतर त्या लोकांना मारहाणही सोसावी लागली. त्यांना कुणी ‘तुमचा विचार बदला’ म्हणणं हा अन्याय झाला असता. बदलायला हवी होती ती अडवणाऱ्यांची सवय, आणि त्यासाठी एकत्र जावं लागलं.

म्हणून आपल्या ताईंना सांगतो. घरचे म्हणत असतील, ‘बाईमाणसाला कसला धंदा,’ तर ती तुमच्या विचारातली चूक नाही. ते दुसऱ्यांचं सवयीचं वाक्य आहे. ते एकटीने फोडणं अवघड जातं. बचतगटातून गेलात, चार जणी मिळून गेलात, तर सोपं पडतं. तुमच्या डोक्यातलं वाक्य आणि तुमच्यावर लादलेलं वाक्य वेगवेगळं लिहा. पहिल्याला वही लागते, दुसऱ्याला सोबत लागते.

गृहपाठ: चार रकान्यांची वही

आता कामाला लागू. वहीचं एक पान आडवं धरा, चार रकाने आखा.

पहिला रकाना: माझं वाक्य. जसं तोंडात येतं तसंच लिहा, सुधारू नका.
दुसरा: त्या वाक्यामुळे मी काय करतो, किंवा काय करत नाही.
तिसरा: वहीत पुरावा काय? आठवणीतला नको, लिहिलेला हवा.
चौथा: पंधरा दिवसांची छोटी चाचणी. किती पैसे घालणार, काय मोजणार, कधी थांबणार.

तीन नमुने भरून देतो.

नमुना एक. वाक्य: “उधारी मागितली तर गिऱ्हाईक तुटतं.” त्यामुळे मी मागत नाही, रक्कम वाढते, मग ते गिऱ्हाईकच तोंड चुकवतं आणि खरंच तुटतं. फेरा दिसला का? पुरावा: मागितल्यामुळे किती जण तुटले? बहुतेकांच्या वहीत ही नोंदच नसते. चाचणी: पाच जणांना, चारचौघांत नाही, बाजूला घेऊन सांगा, “दादा, वहीत एवढे झालेत. या महिन्यात निम्मे जमतील का?” किती जणांनी दिले, किती जण परत आले, ते लिहा.

नमुना दोन. वाक्य: “आपल्याला बँक कर्ज देत नाही.” त्यामुळे मी बँकेत जात नाही आणि जास्त व्याजाने बाहेरून पैसे उचलतो. पुरावा: किती वेळा रीतसर अर्ज केला? चाचणी: २०१५ पासून मुद्रा योजना आहे. तिच्या शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत आणि किशोर गटात त्यापुढे ५ लाखांपर्यंत कर्जाची सोय आहे, तारण लागत नाही. मागच्या सहा महिन्यांचा हिशेब घेऊन दोन बँकांत जा. नाही म्हणाले तर कारण विचारा आणि तिसऱ्या रकान्यात लिहा. ‘कागद अपुरे’ आणि ‘आपल्याला देत नाहीत’ यात फार फरक आहे.

नमुना तीन. वाक्य: “माझं लोणचं घरच्यांनाच आवडतं, विकत कोण घेणार?” त्यामुळे दरवर्षी बरण्या नातेवाइकांत वाटल्या जातात. पुरावा: एकदा तरी किंमत सांगून बघितली का? चाचणी: दहा छोट्या बाटल्या, खर्च मांडून ठरवलेली किंमत, दहा अनोळखी घरं. गणपतीत मुंबईहून चाकरमानी येतात तेव्हा करा. किती विकल्या यापेक्षा दुसऱ्यांदा कुणी मागितली ते महत्त्वाचं. चाचणी जमली तर नियमित विकण्याआधी एफएसएसएआयची नोंदणी करून घ्या.

दोन नियम पाळा. चाचणीत एवढेच पैसे घाला की बुडाले तरी घर चालेल. आणि निकाल विरुद्ध गेला तरी लिहा. वाक्य खरं निघालं तर तेही कळायला हवं. मग ते सवयीचं वाक्य राहत नाही, तुमच्या धंद्याची माहिती होते.

माझ्या चाचणीचं काय झालं?

पनवेलच्या नोकरीला मी ‘एक पावसाळा थांबतो’ असं कळवलं. ते अर्थातच थांबले नाहीत. पुढच्या मे महिन्यात मी नाही-वही समोर ठेवून माल भरला. घाटावरच्या गिऱ्हाईकाचा माल कमी केला आणि तेच पैसे कागद, दोरी, सेल, गमबूट, सुकटीत घातले. दुकान रात्री नऊपर्यंत उघडं ठेवलं, कारण लावणीवरून माणसं उशिरा परततात.

सगळं जमलं का? नाही. गमबूट मी पुरुषांच्या मापाचे आणले. चिखलात दिवसभर उभ्या असतात त्या बायका, त्यांच्या मापाचे नव्हतेच. सहा जोड पुढच्या वर्षापर्यंत पडून राहिले. मुलांच्या छत्र्या शाळा सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात संपल्या आणि पुन्हा मागवायला मी उशीर केला. जुलैचा धंदा मे महिन्याएवढा झाला नाही, आजही होत नाही. पण त्या वर्षी पहिल्यांदा जून ते ऑगस्टचा दुकानाचा खर्च दुकानातूनच निघाला. दुकान भाड्याने द्यायचं बोलणं पुन्हा निघालं नाही.

अण्णा अजूनही जूनमध्ये गादीवर बसून म्हणतात, “घाट बंद, धंदा बंद.” तोंडची सवय आहे, एवढ्या वर्षांची, ती जाणार नाही. पण हल्ली त्याला जोडून लगेच म्हणतात, “सेल मागवलेस का रे?”

पुढच्या व्हिडिओत आपण नाही-वहीवरून खरेदीची यादी कशी काढायची ते बघू. तोपर्यंत पहिला रकाना तरी भरून ठेवा. एकच वाक्य पुरे आहे, पण खरं लिहा. ती वही कुणाला दाखवायची नाहीये.